आईचा ओका गळा

आईच्या गळ्यातलं मंगळसूत्र मी काढलं तेव्हा बाबा शेजारीच उभे होते, चांगले धडधाकट. मुलुंडच्या त्या केअर होममध्ये अंगावर सोनं चालत नव्हतं. तिथल्या मॅडमनी कारण नीट समजावून सांगितलं. इथली माणसं एकमेकांच्या गळ्यात हात घालतात, ओढतात, कुणी तोंडातही घालतं, आणि काही हरवलं की नातेवाईक आमच्या मुलींवर आळ घेतात. सगळं खरं होतं. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही काढा." बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. मग मीच आईच्या मागे गेलो आणि मानेवरचे केस बाजूला केले. आकडा घट्ट बसला होता, निघता निघेना. आई गालात हसत होती. कुणीतरी आपली वेणी घालतंय असं तिला वाटलं असावं. मंगळसूत्र रुमालात बांधून मी खिशात टाकलं. आमच्यात हे काम मुलानं करायचं नसतं, आणि नवरा समोर उभा असताना तर कुणीच करायचं नसतं. पण त्या सकाळी औषधं, कपड्यांची पिशवी आणि डायपरची पाकिटं यापलीकडे आमचं डोकं चालत नव्हतं.

केअर होम म्हणजे एका जुन्या इमारतीतले दोन फ्लॅट, मधली भिंत पाडून एक केलेले. खिडक्यांना दुहेरी ग्रिल. हॉलमध्ये भिंतीला पाठ लावून खुर्च्या, खुर्च्यांवर म्हाताऱ्या बायका, आणि समोर दिवसभर भजनं लावलेला टीव्ही, ज्याच्याकडे एकही बाई बघत नसे. फिनेल आणि उकडलेल्या कोबीचा वास. मी पहिल्या दिवशी तिथून निघालो तो जिन्यातच रडलो. माझ्या मागून उतरणारे बाबा माझ्या पुढे निघून गेले आणि खाली जाऊन थांबले.

आम्हाला आईचा आजार कळला उशिरा, आणि त्याला कारण विमानं. वाकोल्याला आमच्या खोलीवरून विमानं इतक्या खालून जातात की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. त्यामुळे घरात सगळ्यांनाच सवय होती. विमान आलं की वाक्य अर्ध्यावर थांबवायचं, गेलं की तिथूनच उचलायचं. भांडणंसुद्धा आम्ही अशीच हप्त्याहप्त्याने केली. आई बोलता बोलता थांबायला लागली तेव्हा कुणी मान वर करून पाहिलंच नाही. विमान गेल्यावरही ती पुढचं बोलत नाही हे लक्षात यायला बराच काळ गेला. मग एकदा गॅस चालू ठेवून ती घराबाहेर पडली आणि संध्याकाळी हायवेच्या कडेला परकर-पोलक्यावर सापडली. बांगडे आणायला निघाले होते म्हणाली. पोलिसांनी आणून सोडली.

बाबांच्याने ती आवरेना. माझं घाटकोपरचं घर एका बेडरूमचं, आम्ही नवरा-बायको दोघं नोकरीवर. तिला बघायला दोन बायका ठेवून पाहिल्या, दोघी पळाल्या. तरी गावाकडून फोन यायचेच. आवशीक टाकल्यान म्हणतात लोक, आईला टाकलं म्हणतात, असं मला ऐकवायचे. एकाला मी सांगितलं, चार दिवस न्या ना तुमच्याकडे, तिकीट मी काढतो. त्यानंतर त्याचा फोन आला नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

तर आई रुळेपर्यंत येऊ नका असं मॅडमनी सांगितलं होतं, म्हणून पहिले काही दिवस आम्ही गेलो नाही. मग मी एकटाच गेलो. दार उघडणारी मुलगी आम्ही आईला सोडायला आलो त्या दिवशी तिथे नव्हती, पण आता आईचंच सगळं करायची, आंघोळ, जेवण, कपडे. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "सर, आजी लय रडतात ओ. आजोबांचं नाव काढून काढून रडतात. कधी वारले ते?"

"कोण वारले?"

"आजोबा. आजींचे मिस्टर."

मी हॉलमध्ये गेलो. आई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती आणि तिच्या कपाळावर काही नव्हतं. मला समजायला लागल्यापासून मी तिला टिकलीशिवाय पाहिलं नव्हतं. मी त्या मुलीवर ओरडलो. ती बिचारी म्हणाली, "मी लावत होते ओ सर. त्यांनीच पुसली. मग मी पण नाही लावली, म्हटलं बरं नाही दिसत."

मी बघत असतानाच आईचा हात गळ्याशी गेला. तिची ती जुनी सवय, काही विचार करताना मणी बोटांनी सरकवायची. बोटं इकडून तिकडे गेली आणि थांबली. तिने दुसरा हातही गळ्यावर ठेवला. मग तिच्या तोंडातून जो आवाज आला तो मी यापूर्वी फक्त मयताच्या घरी ऐकला होता. टीव्हीसमोरच्या दोन बायका तिच्याबरोबर रडायला लागल्या. ती दमून गप्प झाली, दूध प्यायली, विसरली, आणि थोड्या वेळाने पुन्हा हात गळ्याकडे. बाईचा नवरा एकदाच मरतो. माझ्या आईचा दिवसातून कितीतरी वेळा मरत होता, आणि दर वेळी तिला ते नुकतंच कळलेलं असायचं.

मी तिच्यापुढे उकिडवा बसलो. म्हटलं, "आई, बाबा आहेत गो. घरी आहेत. आता जेवत असतील."

तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं. "तू कोण? माका फसवू नको." मग तिने मान वर केली आणि बोट लावून दाखवलं. "ह्यो बघ. माणूस खोटा बोलात. गळो खयसून खोटा बोलतलो?"

मला वाटलं, बाबांना समोर उभं केलं की संपलं. हातच्या काकणाला आरसा कशाला? पुढच्या रविवारी बाबा वाकोल्याहून बस बदलत बदलत आले. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, आणि हातात खाज्याची पुडी. मालवणी सामानाच्या दुकानातून आणलं म्हणाले. आलं-गुळाचं खाजं, आईच्या दातांना ते फुटणार नव्हतं, पण चोखलं असतं.

आईने बाबांकडे पाहिलं नाही. पुडीकडे पाहिलं. मग तिचा चेहरा असा उजळला की मला क्षणभर सगळं पूर्वीसारखं वाटलं.

"दादा! तू इलंस?"

दादा म्हणजे तिचा मोठा भाऊ, माझा मामा. तो जाऊन फार वर्षं झाली. जत्रा झाली की खाज्याची पुडी बांधून मुंबईला बहिणीकडे पोचवायचा. बाबा म्हणायला गेले, "अगो, मी…" पण तोवर ती उठली होती आणि त्यांच्या गळ्यात पडली होती. "दादा, ह्ये गेले रे. माका एकट्याक टाकून गेले."

माझ्या उभ्या आयुष्यात मी आईला बाबांच्या गळ्यात पडलेली पाहिली नव्हती. आमच्या घरात नवरा-बायको एकमेकांना हाकसुद्धा मारत नसत. बाबांचे दोन्ही हात बाजूला लोंबत होते, एकात पुडी. मला वाटलं आता ते तिला हलवून सांगतील, अगो हा मी जिता आहे. त्यांनी पुडी माझ्याकडे दिली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"कशे गेले रे? माका कोणी सांगूक नाय."

"झोपेतच गेलो गो," बाबा म्हणाले. "तेका काय्येक त्रास होऊक नाय."

"जेवले होते?"

"होय तर. पोटभर जेवलो होतो. सुंगटाची कढी."

"कोणी केलेली?"

"तूच केलंलंस."

"मगे बरा," आई म्हणाली आणि डोळे पुसले. मग तिने खाज्याचा तुकडा तोंडात धरला.

निघताना ती मुलगी दाराशी म्हणाली, "आजींचे भाऊ का तुम्ही? दिसतंच तोंडावर." बाबांनी होय म्हणून मान हलवली. बसस्टॉपवर मी पाटीवरचे बसचे नंबर वाचत राहिलो. शेवटी तेच म्हणाले, "माझो बारावो पण करून टाकल्यान," आणि हसले, खोकला येईपर्यंत हसले. बस आल्यावर पायरीवर चढता चढता वळून म्हणाले, "तेका मंगळसूत्र घालूक व्हया. खोटा चलात."

मॅडमशी मी भांडलो. माझा आवाज चढला, हॉलमधल्या बायका घाबरल्या. शेवटी ठरलं ते असं की आखूड, गळ्याशी बसणारं, सोन्याचं नसलेलं आणि ओढलं तर तुटेल अशा दोऱ्यात ओवलेलं चालेल. बाबांनी वाकोल्याच्या बाजारातून काळे मणी आणि दोन खोट्या वाट्या आणल्या आणि रविवारी तिच्यासमोर धरल्या.

आईने त्यांच्या हातावर फटका मारला. "खुळावलंस काय दादा? भाव बहिणीक मंगळसूत्र बांधता? लोक काय म्हणतले?"

मी बांधायला गेलो तर मी कोण परका बाप्या. त्या मुलीला सांगितलं तर आई म्हणाली, नवरो गेलेल्या बायलेक मणी घालतात काय गो? रीतभात तिच्या डोक्यातून एवढीशीही पुसली गेली नव्हती. माणसं गेली होती, माझं नाव गेलं होतं, रीत तेवढी पक्की होती. त्या आजाराचा मला तेव्हा फार संताप आला. नेमकं तेच का ठेवलंस, असं कुणाला तरी विचारावंसं वाटलं.

मग आम्ही ती झोपेपर्यंत थांबलो. दुपारी ती खुर्चीतच मान टाकून झोपली. बाबा तिच्या मागे गेले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी दोऱ्याला गाठ मारली, तिच्यावर आणखी एक, आणि आणखी एक. मिलमध्ये होते तेव्हा तुटलेला धागा ते चालत्या मशीनवर बोटाच्या एका फिरकीत सांधायचे, असं ते नेहमी सांगत. आता एका गाठीवर त्यांचा भरवसा नव्हता. गाठ झाल्यावर पुढे येऊन त्यांनी उलट्या झालेल्या वाट्या सरळ केल्या.

आई जागी झाली. हात गळ्याशी गेला. बोटांना मणी लागले, बोटं मण्यांवरून दोनदा फिरली. तिने खिडकीबाहेर उजेड किती आहे ते पाहिलं.

"ह्येंची येवची येळ झाली मां?"

"येतलो," बाबा म्हणाले. "ड्युटीर असा."

मिल बंद पडल्यावर बाबा अंधेरीच्या एका कंपनीत वॉचमन होते. पाळ्या बदलायच्या, ओव्हरटाइम व्हायचा, आणि आईचं अर्धं आयुष्य ते ड्युटीवर आहेत हे ऐकण्यात गेलं होतं. तिला ते पटलं. त्या दिवसापासून रडणं थांबलं.

थांबलं म्हणून सगळं चांगलं झालं असं नाही. ती पुढे मलाही रोज नवा माणूस समजायची, कपडे फाडायची, दोनदा पडली. पण रविवारी बाबा यायचे, खाज्याची पुडी घेऊन, आणि दादा होऊन तिच्याशेजारी बसायचे. मग ती दादाकडे नवऱ्याची गाऱ्हाणी सांगायची. माणूस बरो असा, पण तोंडातून गोड सबूद नाय. संप झालो तेव्हा माज्या बांगड्यो इकल्यान, इचारूक पण नाय. बाबा ऐकत आणि हूं हूं करत. एकदा त्यांनी विचारलं, "मगे सोडून इलंस कित्याक नाय माहेराक?" आई म्हणाली, "तेका जेवूक कोण घालतला?" एका रविवारी परतताना बाबांनी मला विचारलं, "मी तेका आधी कधी खाजा हाडलंय रे?" बाबांनी तिला कधी खाजं आणल्याचं मला आठवेना. "नाय," त्यांनीच उत्तर दिलं. "दादाच हाडी."

मग बाबा आजारी पडले. ताप आला, तो छातीत उतरला. त्यांनी आईला सांगितलेलं मरण त्यांच्या वाट्याला आलं नाही. ते झोपेत गेले नाहीत आणि जेवूनही गेले नाहीत. हॉस्पिटलात हात पलंगाला बांधलेले, नाकात नळी, आणि तोंडावर मास्क असल्यामुळे शेवटी काय म्हणत होते ते मला कळलंच नाही. त्यांच्या कानात मी ओरडून सांगितलं की आई बरी आहे. ऐकलं की नाही देव जाणे.

आईला काय सांगायचं हा प्रश्न माझ्या मनात नव्हताच. तो आत्याच्या मनात होता. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, कुर्ल्याला असते, स्वतः तरुणपणी विधवा झालेली. ती मला म्हणाली, "भाऊ गेला आणि वहिनी तिकडे काळे मणी घालून बसलीये. तिला कळत नाही ठीक आहे. तुला कळतं ना?"

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. त्या सकाळी तिथे इतकी पिंडं मांडली होती की कावळे तट्ट पोटाने कठड्यावर बसून होते. पण असल्या वेळी ते कुणी बोलत नाही. एकेकजण पुढे होऊन बाबांना शब्द देऊ लागला. मी म्हटलं, आईला सांभाळीन. कावळा आला नाही. गावची जमीन विकणार नाही म्हटलं. नाही. तेव्हा आत्या माझा दंड धरून म्हणाली, "त्याचा जीव कशात अडकलाय तुला ठाऊक आहे. म्हण, मणी उतरवतो." ऊन चढलं होतं, भटजी घड्याळ बघत होते, सगळे माझ्याकडे बघत होते. मी हात जोडून मोठ्याने म्हटलं, "बाबा, आईचे मणी उतरवतो." आणि थोड्या वेळाने एक कावळा आला. आत्या रडायला लागली. माझा या गोष्टींवर विश्वास नाही असं मी लोकांना सांगत आलोय. पण त्या दिवशी मला भीती वाटली. शब्द बापाला दिला होता आणि त्याने तो घेतला होता.

तेरावा उरकल्यावरच्या रविवारी मी मुलुंडला गेलो. डोक्याचा गोटा झाकायला टोपी घातली होती. मनाशी ठरवलं होतं, ती झोपली की गाठ सोडायची. नंतर जे रडणं सुरू होईल ते होऊ दे. निदान आता ते खरं तरी असेल, असं मी स्वतःला समजावत होतो. तिने नवऱ्याचं विचारलं तर आजच्यापुरतं ड्युटीवर आहेत म्हणायचं, तेही ठरलेलं होतं.

ती खिडकीजवळ पेंगत होती. मी मागे गेलो, मानेवरचे केस बाजूला केले, पहिल्या दिवशी केले होते तसेच. केस आता फार थोडे राहिले होते. बाबांनी मारलेली गाठ घामाने आणि तेलाने आवळून खड्यासारखी झाली होती. मी नखं लावली. ती हलेना. जवळून दिसावं म्हणून वाकलो तशी टोपी तिच्या मांडीवर पडली.

आईने टोपी उचलून पाहिली. मग मान वळवून माझ्या डोक्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"कोण गेला रे तुजा?"

खोटं बोलायला सुचलं नाही. "बापूस," मी म्हटलं.

"अरे माज्या बाबा." तिने हात वर करून माझ्या गुळगुळीत डोक्यावरून फिरवला. तिचा हात तसाच होता, खरखरीत. "आणि आवस? आवस असा मां?"

"असा."

"तेका संभाळ हां. तेचो गळो ओको झालो आता." एवढं बोलून तिने स्वतःच्या गळ्यातले मणी चिमटीत धरले आणि दोन्ही डोळ्यांना लावले. दुसऱ्या बाईचं असलं काही ऐकलं की आमच्याकडच्या सगळ्या बायका करतात तसं. "माजे ड्युटीर असत," ती म्हणाली.

गाठीवरचा हात मी काढून घेतला. तिच्याशेजारी बाबा बसायचे त्या खुर्चीत जाऊन बसलो. बापाला दिलेला शब्द मोडला होता आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं, फक्त थकलो होतो. मला वाटलं, संपलं एकदाचं.

आई दाराकडे बघत होती. "आज आयतवार मां?" तिने विचारलं.

"होय."

"मगे दादा कित्या नाय इलो?"

नवऱ्यासाठी उत्तर तयार होतं. दादासाठी नव्हतं. इतके दिवस आत्या, भटजी आणि मी, आम्ही सगळे तिच्या नवऱ्याचाच हिशोब करत होतो. तो तर केव्हापासूनच ड्युटीवर होता. तिचा जो माणूस दर रविवारी यायचा तो दादा होता, आणि तो जळून राख झाला होता.

"येतलो," मी म्हटलं. "बस मिळाली नसात."

एवढ्यात ती मुलगी चहा घेऊन आली. आईच्या बशीत दोन बिस्किटं होती. तिने एक खाल्लं आणि दुसरं बशीच्या कडेला सरकवून ठेवलं. ते पडेल म्हणून मी उचलायला हात पुढे केला, तर तिने माझ्या हातावर चापट मारली.

"ठेव थंय," ती म्हणाली. "दादाचा असा ता."